बाकावरची ज्युली: ‘डी टू’ पुन्हा पाहताना

“मावशी, ती मुलगी कधी खेळणार?”

चित्रपट सुरू होऊन बराच वेळ झाला होता. माझी अकरा वर्षांची भाची पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती. समोर अमेरिकेचा संघ दुबळ्या संघांवर गोलांमागून गोल चढवत होता. जल्लोष, संगीत, सगळं जोरात चालू होतं. पण पोरीचं लक्ष तिकडे नव्हतं. बाकावर गोलीचा, म्हणजे गोलरक्षकाचा, सगळा जामानिमा चढवून एक मुलगी बसली होती, भाचीचे डोळे तिच्यावर होते.

‘डी टू: द मायटी डक्स’ मी शाळकरी वयात केबलवर पाहिला होता. मग पुन्हा पुन्हा, जेव्हा लागेल तेव्हा पाहिला. बर्फावरची हॉकी म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे हॉकी म्हणजे मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू. तरीही या चित्रपटातली पोरं आपलीच वाटायची. आता मी खो-खो शिकवते, संघ निवडते, पोरींना बाकावर बसवते. भाचीच्या प्रश्नाने मला तोच चित्रपट दुसऱ्या बाजूने पाहायला लावला. त्यात एक प्रकरण आहे, आणि प्रशिक्षक म्हणून ते उलगडून मांडावंसं वाटतं. संघात बारा-पंधरा मुलं असतात, त्यातल्या प्रत्येकाला जागा कशी मिळते, कुणाची जाते, कोण सोडतं, कोण नुसतं वाट बघत बसतं, असं ते प्रकरण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

पहिला ‘मायटी डक्स’ ऑक्टोबर 1992 मध्ये आला. मिनियापोलिसचा एक तोऱ्यातला वकील, गॉर्डन बॉम्बे (एमिलिओ एस्टेवेझ), दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो आणि शिक्षा म्हणून गरीब वस्तीतल्या पोरांच्या हॉकी संघाला शिकवायला लागतो. अमेरिकेत या चित्रपटाने 5 कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. डिस्नेने मग एक अजब गोष्ट केली. चित्रपटातल्या संघाच्या नावाने खराखुरा व्यावसायिक संघ काढला. डिसेंबर 1992 मध्ये नॅशनल हॉकी लीगने (एनएचएल) डिस्नेला लॉस एंजेलिसजवळच्या अ‍ॅनाहाइमसाठी संघ दिला, त्यासाठी 5 कोटी डॉलर मोजले गेले, आणि 1993 च्या ऑक्टोबरमध्ये ‘मायटी डक्स ऑफ अ‍ॅनाहाइम’ बर्फावर उतरले.

कॅलिफोर्नियात बर्फावरचा खेळ, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तेव्हा तिथे हॉकीचं वारं खरंच होतं. ऑगस्ट 1988 मध्ये हॉकीतला नामांकित खेळाडू वेन ग्रेट्झ्की कॅनडातल्या एडमंटनचा संघ सोडून लॉस एंजेलिस किंग्जकडे आला, 1991 मध्ये सॅन होजेचा संघ सुरू झाला, आणि 1993 मध्ये किंग्ज थेट लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, अंतिम फेरीत पोचले. रस्त्यांवर पोरं चाकांचे स्केट्स घालून हॉकी खेळत होती. ‘डी टू’ या हवेत, मार्च 1994 मध्ये, प्रदर्शित झाला. दिग्दर्शक बदलला होता, स्टीव्हन हेरेकच्या जागी सॅम वाइसमन आला होता. लेखक मात्र तोच, स्टीव्हन ब्रिल. समीक्षकांनी झोडपला, पोरांनी डोक्यावर घेतला.

संघ कसा बनतो

बॉम्बे आता छोट्या लीगमध्ये खेळतो आहे. गुडघा फुटतो, खेळाडू म्हणून कारकीर्द संपते, आणि तो मिनेसोटाला परत येतो. तिथे टिबल्स नावाचा माणूस त्याला गाठतो. हा हॉकीचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आहे. लॉस एंजेलिसमध्ये कुमारांच्या गुडविल स्पर्धा आहेत, अमेरिकेच्या संघाला तू प्रशिक्षक हो, कंपनी पैसा लावेल, असा प्रस्ताव तो ठेवतो. (गुडविल गेम्स खरे होते. मॉस्को आणि लॉस एंजेलिस या दोन ऑलिंपिकवर बहिष्कार पडल्यानंतर टेड टर्नरने 1986 मध्ये ते सुरू केले. कुमारांची स्पर्धा तेवढी चित्रपटातली.)

मग जुनी पोरं गोळा होतात. त्यांच्यातला चार्ली चाकांच्या स्केट्सवर शहरभर फिरून एकेकाला उचलतो, सगळे मिळून मॉलमधून सुसाट जातात. लहानपणी याच दृश्याला माझ्या अंगावर काटा यायचा. आता मात्र मी मोजायला बसले. चार्ली, अ‍ॅडम बँक्स, फुल्टन, गोल्डबर्ग, अ‍ॅव्हरमन, जेसी, गाय, कॉनी, हे आठ. पहिल्या चित्रपटातला कार्प कुठे आहे? जेसीचा धाकटा भाऊ टेरी? फिगर स्केटिंग करणारी टॅमी आणि तिचा भाऊ? पीटर? त्यांच्याबद्दल चित्रपट एक अक्षरही बोलत नाही. संघ मोठा झाला, राष्ट्राचा झाला, आणि पाचएक पोरं गळून पडली. त्यांच्या घरी कुणी स्केट्स घालून गेलं नाही. खेळाच्या दुनियेत नेमकं असंच होतं. निवड झालेल्यांचा फोटो पेपरात येतो, उरलेल्यांना यादी फलकावर लागल्यावर कळतं.

त्यांच्या जागी देशभरातून पाच नवे येतात. शिकागोचा दांडगा डीन पोर्टमन. मायामीचा लुइस मेंडोझा, वाऱ्यासारखा पळतो पण थांबता येत नाही. टेक्सासचा ड्वेन रॉबर्टसन, काठीवर पक (हॉकीची रबरी चकती) नाचवण्यात पटाईत. सॅन फ्रान्सिस्कोचा केन वू, मुळात फिगर स्केटर. आणि मेन राज्यातल्या बँगरची ज्युली गॅफनी. टोपणनाव ‘द कॅट’. गोली, आणि हाताने मांजरीसारखी चपळ.

अडचण एवढीच की संघात गोली आधीच आहे. गोल्डबर्ग जुना आहे, सगळ्यांचा लाडका आहे, विनोदी आहे. आणि गोलपाशी जागा एकच असते.

बाक

ज्यांनी आइस हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. बर्फावर एका वेळी सहा जण असतात, त्यातला एक गोली. बाकीचे पाच जण सतत बदलत राहतात, मिनिटाभराने दम लागतो, दुसरे उतरतात. त्यामुळे पंधरा-वीस जणांच्या संघात सगळ्यांनाच थोडा थोडा खेळ मिळतो. गोली मात्र सहसा बदलत नाही. राखीव गोली सगळा सामना बाकाच्या टोकाला बसून काढतो, आत-बाहेर करणाऱ्यांसाठी बरेचदा दार उघडून देतो. अंगावर गाद्यांसारखे पॅड, पायात स्केट्स, आणि काम दाराचं.

ज्युली असंच बसते. त्रिनिदाद-टोबॅगोविरुद्ध, इटलीविरुद्ध, सामने एकतर्फी होतात तरी बसूनच. आठ-नऊ गोलांची आघाडी असताना दुसऱ्या गोलीला उतरवायला काय जातं? मी भाचीला हेच बोलून दाखवलं. कुठलाही जाणता प्रशिक्षक सोप्या सामन्यात राखीव खेळाडूला पाय मोकळे करायला देतो, कारण अवघड सामन्यात तिची गरज पडली तर ती थंड असून चालत नाही. बॉम्बेला हे सुचत नाही. ती स्वतः त्याच्याकडे जाऊन संधी मागते. गोल्डबर्ग सध्या फॉर्मात आहे, तुझीही वेळ येईल, असं सांगून तो तिला परत पाठवतो. तो खोटं बोलत नाही, त्याचा आवाजही चढत नाही. पण तिला किती सामने थांबायचं, कशावर ठरणार, काय सुधारायचं, यातलं काहीच तो सांगत नाही. ‘तुझी वेळ येईल’ हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरलं आहे, ते आठवून मला अस्वस्थ वाटलं.

आणि मग आइसलँड.

आइसलँडचा संघ काळ्या पोशाखात उतरतो. अंगाने दुप्पट, खेळायला क्रूर, आणि प्रशिक्षक स्टॅन्सन तर चालताबोलता खलनायक. अमेरिकेची 12-1 अशी धूळधाण होते. बँक्सच्या मनगटावर काठी बसते. ज्युलीला अखेर उतरवलं जातं ते याच सामन्यात, सगळं हातातून गेल्यावर. समोर येऊन चिडवणाऱ्या दोघांना ती आडवं करते आणि पंच तिला बाहेर काढतो. तिची या स्पर्धेतली पहिली संधी अशी क्षणात संपते.

चित्रपट हा प्रसंग गमतीने दाखवतो. लहानपणी मीही हसले होते. पण प्रशिक्षकाच्या नजरेने पाहा. एका मुलीला सगळे सामने थंड ठेवायचं, मग संघ बुडताना आगीत ढकलायचं, आणि तिचा तोल गेला की बघा, तयार नव्हतीच, असं म्हणायला मोकळं व्हायचं. ज्युलीला बॉम्बे तसं तोंडाने म्हणत नाही, पण पुढचे सामने तिला पुन्हा बाकच मिळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या खो-खो संघात एक मुलगी होती. तेव्हा बारा जणींचा संघ असायचा, नऊ मैदानात, तीन राखीव. ती दहावी. तालुक्याच्या सामन्यात आम्ही पहिल्याच डावात सामना खिशात घातला होता, तरी मी बदल केला नाही. जिल्ह्याच्या सामन्यात एकीचा घोटा मुरगळला आणि तिला उतरवलं. ती पहिल्या खोलाच चुकीच्या दिशेला उठली आणि फाऊल झाला. सामना संपल्यावर ती एकटी खांबाजवळ बसून गुडघ्याला पट्टी बांधत होती. लागलं काहीच नव्हतं, पट्टी आधीपासूनच नीट होती. ती सोडायची, गुंडाळायची, पुन्हा सोडायची. मी जवळ गेले नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की तिने माती खाल्ली. माती मी खाल्ली होती, सोप्या सामन्यात.

बॉम्बेचं काय बिघडलं होतं

12-1 नंतर बॉम्बे पोरांना झोडपून काढतो. रात्री उशिरापर्यंत सराव, आरडाओरडा. पोरं शिकवणीत डुलक्या घेतात. शेवटी त्यांची शिक्षिका मिशेल मॅके (कॅथरिन अर्ब) सराव रद्द करते. चित्रपटाच्या मते दोष टिबल्सचा आहे. समुद्रकाठचं घर, भारी सूट, जाहिराती, डोक्यात गेलेली हवा. मिनेसोटाहून आलेला म्हातारा स्नेही यान बॉम्बेला आठवण करून देतो की तू हा खेळ आनंदासाठी खेळायचास, आणि बॉम्बे भानावर येतो.

हे पटतं, पण अर्धंच. पैशाने बॉम्बे बिघडला हे खरं. पण ज्युलीला त्याने बसवलं ते पैशासाठी नव्हे, सवयीने. गोल्डबर्ग ओळखीचा होता. त्याच्या चुका त्याला माहीत होत्या, म्हणून त्या सहन व्हायच्या. नवीन मुलीची गुणवत्ता त्याच्या ओळखीची नव्हती. आपण निवड करताना गुणांपेक्षा ओळखीला भुलतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण मनात कसलंही पाप नसतं.

ज्युली मुलगी आहे, हा मुद्दा चित्रपट उघड बोलत नाही. पण ते साल लक्षात घ्यायला हवं. महिलांची पहिली जागतिक आइस हॉकी स्पर्धा 1990 मध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी आली ती 1998 मध्ये, नागानोला, म्हणजे चित्रपटानंतर चार वर्षांनी. आणि चित्रपटाच्या दीड वर्ष आधी, 23 सप्टेंबर 1992 ला, कॅनडाची मानों रेओम टॅम्पा बे लाइटनिंगकडून सराव सामन्यात गोलपाशी उभी राहिली. एनएचएलच्या सामन्यात खेळणारी ती पहिली बाई. एक पिरियड, म्हणजे सामन्याच्या तीन भागांपैकी एक, खेळली, नऊ फटके आले, सात अडवले. तीही गोलीच. ज्युलीच्या वयाच्या किती मुलींनी ती बातमी कापून ठेवली असेल, असं माझ्या मनात आलं.

जागा सोडणारा, जागा मिळवणारा

चित्रपटाचा मधला भाग मला आता सर्वांत आवडतो. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातली पोरं या संघाला डिवचतात, डांबरावर खेळायला बोलावतात, आणि त्यांना अमेरिकेचा संघ म्हणून खेळायचं कसं ते दाखवतात. 1992 च्या वसंतात याच भागात मोठी दंगल पेटली होती. प्रदर्शनाच्या वेळी तिला दोन वर्षंही झाली नव्हती. चित्रपट दंगलीचा उच्चार करत नाही. पण राष्ट्राच्या संघाला शिकवायला तो त्याच वस्तीतली पोरं निवडतो, हे मला लहानपणी कळणं शक्यच नव्हतं.

या पोरांतला रस टायलर पुढे संघात येतो. केनन थॉम्पसनचं हे पहिलं चित्रपटातलं काम. हाच पुढे ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमात सर्वांत जास्त काळ टिकलेला कलाकार झाला. रसचा खास फटका म्हणजे ‘नकलपक’. सपाट पडणारा पक तो कडेवर उभा करतो आणि मारतो, मग तो हवेत कुठे वळेल याचा नेम नसतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती, वजन जवळपास 170 ग्रॅम. ती अशी भिरभिरत आली तर गोलीने काय पाहावं?

रसला जागा मिळते ती बँक्सच्या दुखापतीमुळे. बँक्स मनगटाचं दुखणं लपवून खेळत राहतो, कारण इथे बड्या संघांचे लोक बघायला येतात, आपण बसलो तर संपलो, अशी त्याला भीती आहे. बॉम्बेच्या लक्षात येतं आणि तो त्याला बसवतो. अंतिम सामन्याआधी बँक्स बरा होतो, पण यादी भरलेली असते. कुणाला काढायचं? तेव्हा कर्णधार चार्ली कॉनवे (जोशुआ जॅक्सन) स्वतःची जागा देऊन टाकतो. तो बाकामागे उभा राहून बॉम्बेला मदत करतो. या मालिकेचा नायक अंतिम सामन्यात बर्फावर पायच ठेवत नाही.

मुलांच्या चित्रपटात असा निर्णय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण इथेही मी थोडी अडखळते. हा त्याग चार्लीला सुचतो. प्रश्न सोडवायचं काम मात्र बॉम्बेचं होतं. यादी भरलीय, एक पोरगा जास्त झालाय, हा हिशेब पोरांनी का करायचा? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दाखवलेला मोठेपणा सुंदर आहे, पण मोठ्या माणसाने त्यावर विसंबून राहू नये.

आमच्या लहानपणी गल्लीत लिंबूटिंबू असायचा. वयाने छोटा, सगळ्यांसोबत पळायचा, बाद झाला तरी राज्य यायचं नाही. त्याला खेळात घ्यायचं की नाही यावर कुणी भांडत नसे. घ्यायचंच. स्पर्धेत लिंबूटिंबूला जागा नसते, हे मला मान्य आहे. तिथे कुणीतरी बसणारच. पण जो बसतो त्याला आपण बसलोय ते कशासाठी, हे माहीत असायला हवं. चार्लीला ते माहीत असतं, म्हणून तो बाकामागे ताठ उभा राहतो. ज्युलीला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

आइसलँडच का

थोडं विषयांतर. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं. हर्ब ब्रूक्स हा मिनेसोटाचा माणूस त्यांचा प्रशिक्षक होता. अमेरिकी हॉकीच्या मनावर तो सामना कोरलेला आहे, आणि या मालिकेची मुळंही मिनेसोटातच आहेत. पण 1994 पर्यंत सोव्हिएत संघ उरला नव्हता. रशियाला खलनायक करण्यात अर्थ नव्हता, म्हणून चित्रपटात रशिया वाटेतला एक संघ आहे आणि शत्रू म्हणून आइसलँड आला.

खरा आइसलँड म्हणजे तेव्हा तीन लाखांहून कमी वस्तीचा देश. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात तो 1992 मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या दोनच वर्षं आधी, दाखल झाला. तिथे वेड आहे ते हँडबॉलचं, 2008 च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी त्यात रौप्यपदक मिळवलं. आइस हॉकीत तो जगातल्या खालच्या गटांत खेळणारा देश आहे. स्टॅन्सनचं काम करणारा कार्स्टन नॉरगार्ड डॅनिश. संघाची मदतनीस मारिया तेवढी खरीखुरी आइसलँडची, मारिया एलिंगसेन. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला आइसलँडच्या खऱ्या पोरांचंच वाईट वाटलं. मलाही वाटलं.

अंतिम सामना, आणि त्यातला डाग

अंतिम सामना अ‍ॅनाहाइमच्या ‘पाँड’ स्टेडियममध्ये चित्रित झाला, म्हणजे डिस्नेच्या खऱ्या संघाच्या घरी. दुसऱ्या पिरियडनंतर अमेरिका 4-1 ने मागे आहे. पोशाखगृहात बॉम्बे पोरांशी बोलतो, आणि तिसऱ्या पिरियडला पोरं अमेरिकेचे शर्ट उतरवून डक्सचे नवे शर्ट घालून येतात. तो शर्ट दुकानात विकत मिळणाऱ्या अ‍ॅनाहाइमच्या संघाच्या शर्टासारखाच.

पूर्ण चित्रपटभर टिबल्सला दोष दिला जातो, की कंपनीचा माणूस पोरांच्या खेळात घुसला आणि खेळ नासवला. आणि शेवटी पोरं ज्या क्षणी स्वतःला सापडतात त्या क्षणी त्यांच्या अंगावर चित्रपट काढणाऱ्या कंपनीचाच माल असतो. लहानपणी मला तो शर्ट हवा होता, फार हवा होता. ज्यांनी चित्रपट बनवला त्यांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. याबद्दल मला राग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. पण त्या रागामुळे पुढच्या दहा मिनिटांची किंमत कमी होत नाही.

गोल फिटत जातात. शेवटचा गोल रसचा. तो गोल्डबर्गच्या वेशात, मुखवटा घालून पुढे येतो आणि नकलपक मारतो. 4-4. मग शूटआउट, म्हणजे बरोबरी फोडायला एकेका खेळाडूने एकट्याने गोलीसमोर येऊन मारायचे फटके.

शूटआउटमध्ये अमेरिका 4-3 ने पुढे. आइसलँडचा शेवटचा फटका उरतो, आणि मारणारा गुनार स्टाल, स्पर्धेत सर्वांत जास्त गोल केलेला. बॉम्बेला माहीत असतं की गुनार गोलीच्या पकडीच्या हाताकडे मारतो. तो गोल्डबर्गला बाहेर बोलावतो आणि ज्युलीला पाठवतो.

कारण अगदी नेमकं आहे: तुझा हात गोल्डबर्गच्या हातापेक्षा चपळ आहे. भावनेचा भाग नाही, दया नाही, राहून गेलेल्या संधीची भरपाईही नाही. स्पर्धेत पहिल्यांदा बॉम्बे तिच्याकडे गोली म्हणून बघतो, तिच्या गुणाला नाव देतो आणि त्या गुणाचं काम तिला सांगतो. हे पहिल्या सामन्यात करता आलं असतं. संघात दोन गोली आहेत, एक अंगाने भरलेला आणि अनुभवी, एक हाताने चपळ. समोर कोण आहे ते बघून निवडायचं, एवढंच तर होतं.

गुनार येतो. दणका मारतो. ज्युली बर्फावर कोसळते. स्टेडियम गप्प. ती सावकाश वळते, हातमोज्यात बघते. मग मोजा उघडते आणि पक खाली पडतो.

माझी भाची उभी राहिली होती. ओरडली नाही, नुसती उभी राहिली.

मी रिमोट घेऊन ते दृश्य मागे नेलं. पुन्हा पाहताना माझं लक्ष गोल्डबर्गकडे गेलं. एका फटक्याआधी, सगळ्या जगासमोर, त्याला बाहेर बोलावलं गेलं होतं. इतके सामने त्याने अडवले, आणि शेवटचा फटका त्याचा नव्हता. तो कुरकुरत नाही, येऊन बसतो. आता बाकावर तो आहे. जिंकल्यावर सगळ्यांसोबत धावतोही. चार्लीच्या त्यागावर चित्रपट वेळ खर्च करतो, गोल्डबर्गच्या वाट्याला दोन क्षण येतात. पण मला विचाराल तर दोघांचं मन सारखंच मोठं आहे.

पुढे काय झालं

2005 मध्ये डिस्नेने अ‍ॅनाहाइमचा संघ विकला. 2006 मध्ये नावातलं ‘मायटी’ गेलं, आणि 2007 मध्ये त्याच संघाने स्टॅनली कप जिंकला. 2021 मध्ये ‘गेम चेंजर्स’ ही मालिका आली. तिची सुरुवात पाहून मला धक्का बसला होता. त्यात डक्स हाच आता उन्मत्त, बडा संघ झालेला असतो आणि एका साध्या पोराला तू आमच्या तोडीचा नाहीस म्हणून काढून टाकतो. त्या पोराची आई मग उरलेल्यांचा संघ उभा करते. कार्प, टॅमी, टेरी, पीटर आठवले. ज्यांचं पुढे काय झालं ते ‘डी टू’ने सांगितलं नव्हतं, त्यांच्यासारख्यांची गोष्ट सत्तावीस वर्षांनी कुणीतरी लिहिली, असं मला वाटलं.

या वर्षी मी आमच्या सरावाच्या वहीत एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक राखीव मुलीच्या नावापुढे ती कुठल्या परिस्थितीत उतरेल ते लिहायचं, आणि ते तिला आधी सांगायचं. ‘समोरच्या पळणाऱ्या डावीकडे झुकून चकवतात तेव्हा तू.’ ‘शेवटच्या तीन मिनिटांत, दम राखून ठेवलेली तू.’ पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा तिघींपैकी एकीच्या नावापुढे मला काहीच लिहिता येईना. ती काय चांगलं करते ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी दुसऱ्या शिक्षिकेकडे दिली आणि पूर्ण सराव फक्त तिला बघत काढला. खांबापाशी वळताना ती हात टेकत नाही. बाकी सगळ्या टेकतात.

भाचीने नावं संपेपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही. मग विचारलं, “पुढच्या मॅचला ती खेळली का? की परत बाकावर?”

उत्तर तिसऱ्या चित्रपटात आहे, 1996 च्या. नवा प्रशिक्षक ओरायन येतो, कडक, कुणाच्याच ओळखीचा नाही. तो पोरांना खेळताना बघतो आणि पहिली गोली म्हणून ज्युलीला उभी करतो. गोल्डबर्गला गोलपासून हलवून बचावात घेतो. आणि शेवटच्या सामन्यात विजयी गोल करतो तो गोल्डबर्ग.

“म्हणजे दोघंही खेळतात?” तिने विचारलं.

“दोघंही.”

“मग उद्या तो बघू.”